सिंधूच्या वहीवरच्या लाल रेघा

“चूक दिसली की लाल करा, गुरुजी. दयामाया नको.” हेडमास्तरांचा तो आवाज माझ्या लाकडात अजून बसलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. एका टोकाला लाल शिसं, दुसऱ्याला निळं. मुखेडच्या बाजारात शेषेराव गुरुजींनी मला घेतलं आणि लातूरकडच्या आपल्या शाळेच्या गावी आणलं. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गावात मात्र पाणी नव्हतं. रोज टँकरची वाट.

गुरुजी माझ्या लाल टोकानं मुलांच्या वह्या तपासत. निळं टोक ‘छान’ लिहायला होतं. त्याला धार करायची वेळ क्वचित आली. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “वह्या बघाव्या तर शेषेरावांच्या!” मी फुगून गेले. पण मला बघून कुणाचा चेहरा उजळल्याचं काही आठवत नाही. संध्याकाळी गुरुजींच्या पत्नी गुणाबाई देवापुढे वात लावून पोथीचं एक पान वाचत. तेवढाच काय तो मला सोबतीचा आवाज.

शेजारी केवळाबाई आणि त्यांची सून सिंधू राहायच्या. एका साप्ताहिकात समुद्राकाठच्या वत्सूची गोष्ट क्रमशः येई. घागरी रांगेत ठेवून बायका ती सिंधूकडून ऐकायच्या. गोष्ट संपली तेव्हा वत्सू एकटीच बोटीची वाट बघत उभी राहिली.

“असं मधीच सोडतेत का लेकराला?” केवळाबाई चिडल्या.

मग सिंधूनंच एका वहीत पुढची गोष्ट लिहायला घेतली. तिची वत्सू एस.टी.त बसली आणि थेट आमच्या टँकरच्या रांगेत येऊन उभी राहिली. बायका हसून बेजार. “मागं सरक म्हणावं तिला, माझा नंबर हाय!”

गुणाबाईंना ताप आला, रांगेत जाणं होईना, म्हणून सिंधूनं वही त्यांना वाचायला दिली. ती गुरुजींच्या दृष्टीस पडली. कुणी विचारलं नव्हतं, पण पोरीचं भलं होईल म्हणून त्यांनी मला उचललं. ‘मूळ कथेत असं नाही.’ ‘समुद्राकाठची मुलगी “लई” म्हणणार नाही.’ ‘रांगेचा प्रसंग अनावश्यक.’ दुपारभर मी सरसर धावले. खरं सांगते, मला गोडी वाटली. शेवटी दहापैकी चार गुणही दिले.

वही परत गेली आणि सिंधूनं वाचणं बंद केलं. चौथ्या दिवशी केवळाबाई दारात आल्या.

“गुरुजी, सूनबाई म्हणती, वही चुलीत घालते. तीन राती झाल्या, ती उशाखाली धरून झोपते मी.”

गुरुजी गडबडले. “चुका होत्या हो. मी चांगल्यासाठीच...”

“असतील की,” गुणाबाई आतून हळूच म्हणाल्या. “पण ती परीक्षेला बसली होती का?”

“आन् तुमच्या चार गुणांत घागर तरी भरती का?” केवळाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी केवळाबाईंसमोर हात जोडले. मग म्हणाले, “उद्या रांगेत येतो. सिंधूची माफी मागतो. तिनं वाचलं तर ऐकतो, नाही वाचलं तरी उभा राहतो. तिनं विचारल्याशिवाय एकही चूक काढणार नाही.”

मित्रांनो, शाळेची वही तपासायला दिलेली असते. हौसेची वही नुसती वाचायला. हे मला अर्धी झिजल्यावर कळलं. कुणी प्रेमानं लिहिलं असेल तर काय आवडलं ते आधी सांगा. उणं सांगायचंच असेल तर विचारून सांगा, आणि नको म्हटलं तर गप्प बसा. माझी रेघ खोडरबरानं जात नाही हो, नुसती पसरते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुरुजींनी सदरा घातला. सवयीनं मला खिशात अडकवलं, मग थांबले, काढून खिडकीत ठेवलं. रिकामी घागर उचलली, गुणाबाईंची झोप मोडू नये म्हणून दार अलगद ओढून घेतलं आणि रांगेच्या दिशेनं चालू लागले.