ताईबाईच्या अंगणातला रेडा

ललितने घरी बनवलेल्या तिसऱ्या खोक्याचं बारसं ताईबाईने स्वतः केलं आणि नाव ठेवलं रेडा. बटण दाबलं की सूर दूरच, आधी गुरगुर. गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र दुकानात तयार मिळतं, वर गॅरंटीही मिळते. पण एरंडोलातल्या या शहाण्याला ते आपल्या हातानेच घडवायचं होतं. पहिलं त्याने तुपाच्या डब्यात बसवलं. ते चार दिवस बोललं आणि धूर सोडून मोकळं झालं. दुसरं प्लायवूडचं, ते मुकंच जन्माला आलं. तिसऱ्यासाठी धुळ्याच्या जुन्या बाजारातून कुठल्याशा बंद पडलेल्या तंबू-टॉकीजच्या मशीनचे काचेचे व्हॉल्व्ह आले, ट्रान्सफॉर्मर आला, परातीएवढा स्पीकर आला, आणि ताईबाईच्या लग्नातल्या सुटकेसची मूठ गेली ती त्या खोक्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

"जग तयार आणतं न् वाजवतं," ती सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. "आमचे चिरंजीव जळगावला कंपनीत दिवसभर पाइप मोजतात आणि घरी येऊन तारा शिजवतात. वास तरी घ्या. या घरात उदबत्तीची गरज नाही."

सून सारिका गॅसवरच्या दुधाकडे बघत राहायची. तिचा गळा चांगला होता, हे ताईबाईला ठाऊक होतं. म्हणून ती ते कधी बोलली नव्हती.

श्रावणातल्या रविवारी कानबाई बसायची होती. नारळाला नथ घालून देवी मांडायची, पूजा करायची, आणि रोटाचा प्रसाद फक्त भाऊबंदांनी खायचा. वर्षातून एकदा अख्खं कूळ ताईबाईच्या अंगणात यायचं, आणि त्यासाठीच तिने अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, अंगणात नवी फरशी घालून घेतली होती. इतकी गुळगुळीत की पाहुण्याने चप्पल काढताना दोनदा विचार करावा, पायच मळके निघाले तर?

"आई, यंदा डीजे नको," ललित म्हणाला. "सारिका गाईल, मी बेस गिटार वाजवतो. माझ्या अँपवर."

"तुझा रेडा देवीपुढे डरकाळी फोडणार का?"

"तोवर गुरगुर बंद करतो."

"नाही झाली तर?"

ललित हातातली सोल्डरची कांडी पुसायला लागला.

"नाही झाली तर सोमवारी देवी विसर्जनाला नदीवर आणि रेडा भंगारात. परत ती सोल्डरची कांडी या घरात दिसली तर मला आई म्हणू नको. आहे कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. तोंड असं केलं की जणू फाशीच्या कागदावर सही केली.

पंधरा दिवस ड्यूटीवर जायच्या आधी तो खोक्याच्या पोटात डोकं घालून बसायचा. जाळीची वायर घातली, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कोपऱ्यात नेला, सगळे टाके उसवून पुन्हा घातले. रेडा तसाच. वर माइकला ओठ लागला की सारिकाला झिणझिण्या यायच्या. ताईबाई दारात उभी राहून बघायची. "पोरीला चटके देऊन गाणं शिकवतो," म्हणायची. "मोठा कलावंत."

रविवारी दुपारी सारिका नैवेद्याचं दही काढायला गेली आणि फ्रिजच्या मुठीला हात लागताच ओरडली.

"किती वेळा सांगितलं, चप्पल घालून उघड," ताईबाई म्हणाली.

ललितने मान वर केली. "फ्रिजपण चावतो? कधीपासून?"

"अखाजीपासून," सारिका म्हणाली.

ललित उठून मीटरपाशी गेला. "अर्थिंगची तार तर आहे. भिंतीतून खाली गेलीय, अंगणात पाइपला. मग?" तो परत येऊन खोक्यापुढे बसला. "म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

ताईबाईच्या हातातली पुरणाची वाटी तशीच राहिली. वायरमन सुकदेवने तो पाइप पुरला तेव्हा तिला सांगून गेला होता, अक्का, इथे रोज बादलीभर पाणी टाकत जा, करंट जमिनीत उतरला पाहिजे. वर्षानुवर्षं ती टाकत होती. मग अखाजीला फरशीवाला म्हणाला, इथे पाइपचं तोंड वर येतंय, तारही आहे, खड्डा ठेवून झाकण लावू का? आणि तिने सांगितलं होतं, माझ्या अंगणात भोक नको, काप. त्याने तारही कापली, पाइपही कापला, वर चकचकीत फरशी बसवली.

म्हणजे चटकेही आणि गुरगुरही त्या कापलेल्या तारेचीच. एक शब्द बोलली की रेडा जिंकणार आणि फरशी फुटणार. गप्प राहिली की सोमवारी घर मोकळं. ताईबाई गप्प राहिली. पुरण वाटू लागली. जरा जास्तच जोरात.

चारच्या सुमाराला भाऊबंद आले. जाऊ लताबाई सगळ्यांच्या पुढे, नवी साडी, तोंडात जीभ मावत नाही. खोकं गुरगुरत होतंच.

"अक्का, घरमा म्हैस बांधी का वं?" तिने अंगणभर ऐकू जाईल असं विचारलं. बाया हसल्या. "ललित, कंपनीमा पाइप मोज बापू, तेच बरं शे. हाई तुन्हं काम नही."

ललित वाकला आणि खोक्याची पिन काढायला हात पुढे केला. हा एवढा मोठा बाप्या, आणि कान लाल झालेले.

याहून वाईट ताईबाई त्याला सहा महिने बोलत आली होती. पण ते तिचं होतं. चिडली की ती अस्सल खानदेशीत उतरायची, तशी उतरली.

"मन्हा पोरले मी बोलसू. तू कोन वं?" मग सुनेकडे वळून, "सारिका, पहार लयी ये."

"पहार?"

"आणि मिठाची बरणी. ललित, मेन स्विच बंद कर आणि तुळशीपासूनची तिसरी फरशी फोड. बघतोस काय? खाली तुझी तार आहे. मीच कापायला लावली."

ललितने तिच्याकडे पाहिलं. "आई, तू आधी सांगितलं असतंस—"

"तू विचारलंस? सहा महिने खोक्याच्या पोटात डोकं. घराच्या पोटात काय चाललंय ते बघायला तुला वेळ होता का? फोड."

पहिल्या घावाला तिने डोळे मिटले. फरशी फुटली, सिमेंट निघालं, गंजलेल्या पाइपचं तोंड दिसलं. ललितने पाइप घासला, नवी तार जोडून बोल्ट आवळला. मीठ ताईबाईने स्वतः घातलं, वर तीन बादल्या पाणी.

मेन चालू झाला. सगळ्यात आधी ताईबाईने अनवाणी जाऊन उलट्या हाताने फ्रिजला शिवून पाहिलं. मग बोट दाखवलं. ललितने बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. लताबाई म्हणाली, "बंद पडनं."

तेवढ्यात ललितने जाड तार छेडली. आवाज जमिनीतून आल्यासारखा आला आणि कानबाईच्या नाकातली नथ हलली. सारिकाने माइक हातात घेतला, आधी भीत भीत, मग ओठाला लावून गायला लागली. हसणाऱ्या बाया टाळ्या धरायला लागल्या.

"फरशी गयी ना पन," लताबाई कुजबुजली.

"मन्ही गयी," ताईबाई म्हणाली. "तुन्ही गयी का?"

सोमवारी देवी नदीवर गेली. खोकं राहिलं. ललितने चौथ्याचं लाकूड आणलंय, आणि ताईबाई येणाऱ्याजाणाऱ्याला त्या भोकाकडे हात करून दाखवते की कलावंताने अंगणाची काय दशा केली. रोज सकाळी मात्र बादली घेऊन तिथे येते आणि पाणी ओतते.

"पी, रेड्या," म्हणते.