उजवीकडची बटणं

"माणसाला दोन हात असणारच, असं धरूनच चालता तुम्ही लोक! विकताना विचारता तरी का, हात किती चालतात म्हणून?"

गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रातल्या माणसाला ती फोनवर झापत होती. तिने फोन मान वाकडी करून खांद्यात दाबला आणि हातातला गेम उलटा करून पाहिला, जणू तो माणूस त्याच्याच पोटात लपून बसला होता.

"मॅडम, यात सातशे खेळ आहेत, स्क्रीन उन्हातसुद्धा—"

"स्क्रीन छान आहे. आवाज छान आहे. मधेच बंद केला तरी खेळ जिथल्या तिथे थांबतो, तेही छान. बॅटरी दोन तासांत मान टाकते, पाठ तव्यासारखी तापते, तेही सोसलं. पण चालायचं डावीकडून, उडी मारायची उजवीकडून, आणि बटणं बदलायची सोय नाही! माझ्या वडिलांचा उजवा हात गेलाय. त्यांनी उडी काय नाकाने मारायची?"

"नाकाने मारून बघितली," सोफ्यावरून आप्पा म्हणाले. "चष्मा आडवा येतो."

सूचना पुढे पाठवतो, असं म्हणून त्या माणसाने फोन ठेवला. पुढे म्हणजे नेमकं कुठे, हे असल्या लोकांना कधीच ठाऊक नसतं.

आप्पांनी आयुष्यभर क्रेन चालवली. दोन हातांत दोन दांडे, आणि खाली मुंगीएवढी माणसं. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात खांद्याला नुसता टांगल्यासारखा उरला. ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती; एक बॅग घेऊन त्यांच्याकडे राहायला आली आणि आल्याआल्या बजावलं, "तुमचं तुम्हाला जमायला लागलं की मी चालले माझ्या खोलीवर."

"मी कुठे अडवलंय?" आप्पा म्हणाले होते.

बापलेकीचं बोलणं एवढंच. गोळी घेतली का, गॅस बंद केलास का. डाव्या हाताला चाळा हवा म्हणून हा गेम तिनेच आणला होता.

"सरका," ती म्हणाली आणि त्यांच्या उजवीकडे खेटून बसली. एवढ्याशा यंत्राचं डावं टोक त्यांनी धरलं, उजवं तिने. खेळातला गडी कंदील घेऊन मनोरा चढू लागला. आप्पा त्याला पळवणार, ती उड्या मारणार. पहिल्याच खड्ड्यात गडी दगडासारखा कोसळला.

"उडी मार म्हटलं ना!"

"तुमचं म्हणून होईपर्यंत तो तळाला पोचला!"

"मग लांबलचक बोलायचं नाही. वर म्हणजे हबेस, खाली म्हणजे आरिया. कामावर एवढंच बोलतात. कळलं का, दातवाले?"

"कळलं."

गडी पुढच्या खड्ड्याशी आला. "हबेस!" आप्पा गरजले. तिने झटकन दोन्ही हात उचलले. गडी पुन्हा खाली.

"हात का काढलास?"

"बस म्हणालात ना!"

"हबेस! हबेस म्हणालो! क्रेनखाली असतीस तर चपाती झाली असती तुझी!"

ती इतकी हसली की गेम हातातून निसटायला आला. आप्पाही हसले. झटक्यानंतर त्यांचा ओठ एका बाजूला ओढला जायचा म्हणून ते हसणं टाळायचे; त्या दिवशी विसरले.

मग रोज कामावरून आली की ती चपलाही नीट न काढता सोफ्यावर. हबेस! आरिया! हबेस, हबेस! फिरत्या फळ्या पार झाल्या, आगीचे गोळे चुकवले. शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून विचारलं, भांडण तर नाही ना चाललंय. फक्त शेवटच्या मजल्यावरचं वटवाघूळ तेवढं ऐकत नव्हतं. ते झेप घ्यायचं आणि दोघांची गाळण उडायची.

अशातच गेमच्या कंपनीचा मेसेज आला. एका हाताने खेळायची सोय! सगळी बटणं हव्या त्या बाजूला घ्या! कारखान्यात ती एवढ्या मोठ्याने ओरडली की हातातली कवळी प्लास्टरच्या भांड्यात पडली. घरी येऊन तिने धडाधड सगळं डाव्या बाजूला आणून दिलं.

"ऐकलं आप्पा त्यांनी! झक मारत ऐकलं! आता तुम्ही एकटे खेळू शकता."

"हो की," आप्पा म्हणाले. बराच वेळ त्यांनी अंगठा बटणांवरून नुसता फिरवला. "मग आता तू..."

"बघू," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दार लोटलेलंच होतं. फटीतून तिला आप्पांची पाठ दिसली आणि खांद्यावरून स्क्रीन. डावा अंगठा असा पळत होता, जणू ते अजून क्रेनच्या केबिनमध्येच बसले होते. वटवाघळाने झेप घेतली, गडी सुटला, फिरला, पुन्हा सुटला. वटवाघूळ कोसळलं. मनोऱ्याचं शेवटचं दार समोर. ती पुढे झुकली. खांद्यावरची बॅग घराच्या दाराला खट्कन लागली.

आप्पांनी मान वळवली नाही. गडी दारापर्यंत गेला, थांबला, उलटा फिरला आणि सरळ खड्ड्यात उतरला.

"छे!" ते मोठ्याने म्हणाले. "आलीस का? एकट्याला काही जमत नाही बुवा."

 तिने चपला काढल्या, हात धुतले आणि नेहमीच्या जागी बसून उजवं टोक धरलं. बटणं दाबून पाहिली. काहीच हललं नाही.

"ही बंद आहेत आता, आप्पा."

"बटणं बंद असतील. तोंड चालू आहे ना?" त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला. "खालून इशारा आल्याशिवाय मी उभ्या जन्मात काही उचललेलं नाही."

वटवाघळाने पंख पसरले. गडी कंदील धरून जागच्या जागी उभा राहिला. आप्पांचा अंगठा बटणावर तयार, आणि नजर स्क्रीनवर नाही, तिच्यावर.

"आलं ते अंगावर! बोल ना, दातवाले! हबेस की आरिया?"