कुंभाराच्या बायकोचे दार

पंख्याच्या वाऱ्याने दोनशे बारावे पान अर्धवट उठत होते, पुन्हा पडत होते. मालकांच्या खोलीत तेवढाच काय तो आवाज. गुरुजी चष्मा पुसत होते. मालक पेपरवेटकडे असे रोखून पाहत होते, जणू तोच आता गुन्हा कबूल करील. आणि बावीस वर्षे या छापखान्यात इतरांच्या चुका हुडकणारा मुद्रितशोधक आज स्वतःच्या चुकीसमोर हात बांधून उभा होता.

देवावर त्याचा विश्वास नव्हता. वाक्यावर मात्र होता. म्हणून गुरुजींच्या पंथाचा हस्तलिखित ग्रंथ प्रथमच छपाईला आला तेव्हा तो त्याने कादंबरीसारखा वाचायला घेतला, आणि पार विरघळला. देवाने हाक मारली म्हणून चाकावरचे मडके अर्धे टाकून निघालेला कुंभार. ती माती वाळू नये म्हणून चाळीस वर्षे तिच्यावर पाणी शिंपडणारी त्याची बायको. पहिला खंड संपला तो म्हाताऱ्या कुंभाराने दारावर थाप मारली तिथे.

छापखान्याचा दंडक साधा: लाल शाई म्हणजे दुरुस्ती, शिसपेन्सिल म्हणजे मनातले. पण ऐन रंगात पेन्सिलीचे टोक मोडले, आणि भारावलेल्या माणसाला टोकयंत्र शोधायचे सुचत नाही. मनातलेही समासात लाल शाईनेच उतरले. जुळणी करणाऱ्या बाईंनी दंडक तंतोतंत पाळला. लाल दिसले की आत.

"आज सकाळी नव्या प्रतीतून वाचन केलं," गुरुजी अखेर म्हणाले. "डोळे अधू झालेत. समोर येईल ते चालीवर म्हणत जातो. कुंभार घर सोडतो, तिथे मी म्हणालो..." त्यांनी पान हाताने दाबले आणि खरोखरच चाल लावली, "'देवाला आधी कळवता आलं नसतं का?'"

"अरे देवा," मालक पुटपुटले.

"सभा नेहमीप्रमाणे म्हणाली, तथास्तु. पुढे आलं, 'बायकोला अख्ख्या खंडात एकच वाक्य, तेही बरं!' पुरुष एकदा तथास्तु म्हणाले. बायका तीनदा." गुरुजींचे बोट पुढच्या ओळीवर गेले. "मग आलं, 'थोडं डावीकडे सरकावं.'"

"ते ओळीबद्दल होतं," शोधक म्हणाला.

"तीनशे माणसं सरकली. डावीकडे भिंत आहे. भिंतीशी आमचे खजिनदार होते." क्षणभर थांबून ते म्हणाले, "म्हणजे, आहेत अजून."

मालकांनी हात जोडले. "तुमचा एक शब्द पुरे, गुरुजी. यांना आत्ताच घरी पाठवतो. अहो, बघताय काय नुसते, पाया पडा!"

शोधकाची नजर टेबलाच्या पलीकडच्या कडेला खिळली होती. तिथे सुतळीने बांधलेला दुसरा खंड होता. त्याची जगात एकच प्रत, आणि तीही एरवी गुरुजींच्या पेटीत. नोकरी काय, दुसरी मिळाली असती. पण तो कुंभार मात्र जन्मभर त्याच्या मनाच्या ओसरीवर थाप मारीत उभा राहिला असता.

"नास्तिक ना तुम्ही?" गुरुजींनी विचारले.

"हो."

"मग एवढा जीव लावून कशाला वाचलंत?"

"चांगलं लिहिलंय हो," शोधक म्हणाला. सूर मात्र माफीचा होता.

गुरुजींनी ग्रंथ मिटला. "पन्नास वर्षं वाचतोय. हे कुणी बोललं नव्हतं." मग मालकांकडे वळून म्हणाले, "पेन्सिली आहेत का तुमच्याकडे?"

"खोकाभर!"

"यांना द्या. टोकं करून." आणि त्यांनी सुतळीचा गठ्ठा बोटाने शोधकाकडे ढकलला.

गुरुजी उठले. शोधकाला राहवेना. "गुरुजी, निदान एवढं सांगा. ती दार उघडते का?"

गुरुजींनी चुकलेली प्रत काखेत मारली, काठी उचलली. उंबरठ्याशी थबकले, थोडे डावीकडे सरकले, आणि चालू लागले.