साहेबांची नखं

साहेब म्हणजे कुत्रा. त्या घरात बाबांनंतर अहो-जाहो फक्त त्यालाच होतं.

तर साहेबांच्या पुढच्या डाव्या पायाचं वरचं नख, जे जमिनीला टेकत नाही म्हणून झिजतही नाही, ते गोल वळून थेट कातडीकडे निघालं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई कापायला गेल्या, तर साहेबांनी टेबलच उलथवलं. चार दिवसांत घरीच कापा, त्या म्हणाल्या, नाहीतर ते मांसात घुसेल, मग भूल द्यावी लागेल आणि या वयात ती झेपेलच असं नाही. तोफ तडक नखांचा कटर घेऊन आली. तोफ म्हणजे घरातली लेक. तोंड मिटत नाही म्हणून हे नाव.

बाबांचं केस कापायचं दुकान. तीस वर्षं वस्तरा धरलाय, कुत्र्याचं नख ते काय, असं म्हणत त्यांनी साहेबांना मोरीत कोंडलं, मांडीखाली दाबलं आणि कचकन कापलं. शेजारचंच नख, तेही पार शिरेपर्यंत. रक्त आलं. बाबांनी सवयीने तुरटी फिरवली, आणि सवयीनेच विचारलं, मसाज करू का? साहेब पलंगाखाली गेले. त्यानंतर कटर दिसला की गुरगुर.

"गिऱ्हाइकांनाही मोरीत कोंडता का हो?" आईने विचारलं.

आई टोमणा मारून मोकळी झाली, पण तोफेची ट्यूब पेटली.

चौथ्या दिवशी तिने साहेबांना दुकानातल्या खुर्चीवर चढवलं, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि बाबांना बजावलं, की दहा मिनिटं हत्यार नाही, नुसत्या गप्पा, गिऱ्हाइकांसाठीचा तुमचाच नियम. बाबांनी नाक मुरडलं. पण जित्याची खोड! हवापाण्यावरून सुरू झालेले बाबा समोरच्या शिंप्याच्या मोडलेल्या लग्नापर्यंत पोचले, आणि बोटं आपसूक साहेबांच्या कानामागे फिरू लागली. साहेबांनी डोळे मिटले.

तोफेने पंजा हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. तांदळाएवढं टोक उडवलं. थांबली. पुन्हा तेवढंच. पाचव्या वेळी नख कातडीपासून चांगलं लांब झालं. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

बाबाही गप्पा सोडून बघत थांबले होते. साहेबांनी एक डोळा उघडला. जणू विचारत होते, लग्नाचं पुढे काय झालं?

बाकावर ताटकळलेल्या पोस्टमनने विचारलं, माझा नंबर कधी?

"बसा जरा," बाबा म्हणाले. "साहेबांची अजून सोळा राहिलीत."