चाकाला बांधलेली चिंधी

आमचं घर शिवेवर होतं. अर्धं माझ्या जमिनीवर, अर्धं माझ्या धाकट्या भावाच्या, एन्द्रेच्या. नॉर्वेहून आम्ही डाकोटाच्या माळावर आलो तेव्हा सरकार माणशी एकशेसाठ एकर देत होतं, आणि बाई बिनलग्नाची असली तर तिलाही देत होतं. अट अशी की पाच वर्षं आपल्याच तुकड्यावर राहायचं, नांगरायचं आणि झोपायचंही तिथेच. सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिलं की जमीन गेली. दोन घरं बांधायला आमच्याकडे लाकूड नव्हतं आणि हातही नव्हते, म्हणून एन्द्रेने दोन्ही तुकड्यांच्या मधल्या रेषेवर एकच घर बांधायचं ठरवलं. तसं तिकडे बरेच जण करत.

पण रेषा सापडायला हवी होती. मोजणीदारांनी ठोकलेल्या खुंट्या वणव्यात जळून गेल्या होत्या. माझ्या तुकड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यावरचा मातीचा ढीग तेवढा शाबूत होता. मग एन्द्रेने बायकोच्या, योरूनच्या, जुन्या परकराची लाल चिंधी फाडून गाडीच्या चाकाला बांधली. चाकाचा घेर त्याला माहीत होता. अर्ध्या मैलाला, म्हणजे एका तुकड्याच्या रुंदीला, चाक किती वेळा फिरेल याचा हिशेब त्याने आदल्या दिवशी करून ठेवला होता. त्या ढिगापासून आम्ही पश्चिमेकडे निघालो. योरून बैल हाकत होती. मी होकायंत्र घेऊन पुढे चालत होते. एन्द्रे चाकाजवळ फेरे मोजत होता, पण बैल सारखे गवताला तोंड लावत, म्हणून त्याचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे. त्यांची लेक लिव पिठाच्या पोत्यावर बसली होती. तीन वर्षांची होती. चिंधी वर आली की ती टाळी वाजवून ओरडायची, “चिंधी आली!”

जिथे मोजणी संपली तिथे गाडी थांबली आणि तिथेच घर उभं राहिलं. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, वर काटक्या आणि पुन्हा माती. जमिनीत एक फळी आडवी पुरली, ती आमची शीव. शेगडी फळीच्या बरोबर वर ठेवली, म्हणजे कुणाची तक्रार नको. माझी खाट पूर्वेला, त्यांची पश्चिमेला.

“ताई, तुझा धूर माझ्या जमिनीवर येतोय,” एन्द्रे म्हणायचा. “भाडं दे.”

“तुझं घोरणं माझ्या जमिनीवर येतं,” मी म्हणायचे. “त्यात वळतं करून घे.”

आमचा शेजारी तोलेफ आला की दारात उभा राहून विचारायचा, “किटली कुणाच्या देशात आहे? मला फक्त कॉफी प्यायची आहे, परवाना लागेल का?”

लिव दिवसभर फळीवरून इकडून तिकडे उड्या मारायची. “आता मी आत्याकडे आले. आता मी घरी गेले.” रात्री बहुतेक वेळा ती माझ्या खाटेवर झोपून जायची. योरून तिला उचलून न्यायची आणि म्हणायची, “चला, सरकार रागावेल.”

चौथ्या वर्षी थंडीच्या तोंडावर घटसर्पाची साथ आली. लिव गेली. बाकी आम्हाला काही झालं नाही. एन्द्रेने गाडीच्या बाजूच्या फळ्या काढून पेटी केली. माळावर सगळीकडे पाणी साचायचं. उंचवटा एकच होता, आणि तो माझ्या तुकड्यात होता, घराच्या पूर्वेला. तिथे तिला ठेवलं. जमीन अजून गोठली नव्हती, ही कृपा. मी स्तोत्र म्हटलं. योरून वाऱ्याने उडणारा डोक्यावरचा रुमाल धरून उभी होती.

पैशाची गरज होती म्हणून एन्द्रे पूर्वेकडे लाकूडतोडीला गेला. घरात आम्ही दोघी. योरून रडली नाही. ती वाळलेल्या गवताची पेंडकी वळून शेगडीत घालायची, बटाट्याच्या पोळ्या लाटायची, कपडे धुवायची. लिवचे कपडेही एकदा धुतले, वाळत घातले आणि घडी करून ठेवले. रात्री मात्र भिंतीला पाठ लावून बसून राहायची. मी माझ्या खाटेवरून बघत असे. एका रात्री ती म्हणाली, “ताई, इकडे ये.” मी फळी ओलांडली आणि तिच्या शेजारी आडवी झाले. मग ती झोपली.

पुढच्या रात्रीही मी तिकडेच झोपले. आणि त्याच्या पुढच्या. वसंतात एन्द्रे परत आला. आम्ही दोघी कशा झोपतो ते त्याने पाहिलं, आणि काही न विचारता माझ्या खाटेवर जाऊन पडला. गवत कापणीपर्यंत हे असंच चाललं. कुणी त्यावर बोललं नाही. बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पाचवं वर्ष भरलं तेव्हा बोलावं लागलं. जमीन नावावर करून घ्यायला कचेरीत जायचं होतं. शेजाऱ्याची साक्ष आणि आपलं शपथेवर उत्तर, एवढंच काम. आदल्या संध्याकाळी एन्द्रे म्हणाला, “ताई, तो विचारेल, सलग राहिलात का. हो म्हणायचं. संपलं.”

“सलग नाही राहिले.”

“एकाच छपराखाली होतीस की! तीन पावलांवर.”

“तीन पावलं शिवेपलीकडे.”

त्याने हातातला पट्टा खाली ठेवला. माझा नेम त्याला माहीत होता. बंदरावर आईचा निरोप घेताना मी तो घेतला होता. झोपण्यापूर्वी गुडघे टेकून दिवसभराचं बोलणं आठवायचं, आणि त्यात खोटं काही निघालं तर त्याच रात्री त्या माणसाकडे जाऊन ते खोडून खरं सांगायचं. तेव्हापासून एकही रात्र चुकली नव्हती. माळावर बोलायला माणसंच कमी, त्यामुळे फार कठीणही गेलं नव्हतं.

“तुझा तुकडा गेला तर टेकडी पण गेली,” एन्द्रे म्हणाला. “उद्या दुसरा कुणी येईल आणि नांगर घालेल. तुझ्या नेमापायी माझ्या पोरीवरून नांगर फिरेल, कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“मग?”

योरून बटाटे सोलत होती. तो तिच्याकडे वळला. “तू तरी सांग हिला.”

“तिला जे म्हणायचं ते म्हणू दे.”

“तुला काहीच वाटत नाही?”

योरूनने विचार केला. सुई कुठे ठेवली असं कुणी विचारल्यावर करावा तसा. “नाही,” ती म्हणाली.

पहाटे मी रोजच्यासारखं शेगडी पेटवण्याआधी स्तोत्र वाचलं. अमुक कर म्हणून देवाकडे मागितलं नाही. मागायला सुचलं नाही.

कचेरीत तोलेफ साक्षीदार होता आणि दुभाष्याही, कारण माझं इंग्रजी दुकानापुरतं. अधिकाऱ्याने विचारलं. मी आमच्या भाषेत सगळं सांगितलं: मूल वारलं, भावजय एकटी, मी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत भावाच्या बाजूला झोपले. तोलेफने ऐकून घेतलं, टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि अधिकाऱ्याला एक शब्द सांगितला.

“तोलेफ,” मी म्हटलं, “मी एवढं बोलले. तू एवढंच सांगितलंस?”

“इंग्रजी आखूड भाषा आहे, बेरितबाई.”

“इतकी नसेल.”

“अहो, तो लिहितोय. लिहू द्या त्याला. तुमच्या पाया पडतो.”

मी टेबलाशी गेले. टेबलावर बोटाने रेघ ओढली. एका बाजूला हात ठेवून म्हटलं, माझं. दुसऱ्या बाजूला ठेवून म्हटलं, भावाचं. मग डोकं हातावर टेकून दाखवलं, इथे झोपले, भावाकडे, हिवाळा, मग उन्हाळा. अधिकाऱ्याने टाक खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. तोलेफकडून त्याने नीट सगळं काढून घेतलं आणि म्हणाला, की ही फळी शिवेवर आहे हे कुणी ठरवलं? बाईंनी शीव ओलांडली म्हणताय, तर आधी शीव कुठे आहे ते सरकारी मोजणीदाराकडून मोजून आणा. तोवर दोघांचेही कागद थांबतील.

परतीच्या वाटेवर एन्द्रे माझ्या बराच पुढे चालत राहिला.

मोजणीदार पुढच्या आठवड्यात आला. त्याच्याकडे लोखंडी साखळी होती. त्याच ढिगापासून तो निघाला, साखळी टाकत टाकत घराजवळ आला आणि थांबला नाही. घराला वळसा घालून पुढे गेला. विहीर मागे पडली, गोठा मागे पडला. एन्द्रेच्या ओटच्या रानात बऱ्याच आत जाऊन त्याने खुंटी ठोकली.

सगळं घर माझ्या जमिनीवर होतं. दोन्ही खाटा माझ्या जमिनीवर. मी एकही रात्र बाहेर झोपले नव्हते. एन्द्रे मात्र पाच वर्षांत एकही रात्र आपल्या जमिनीवर झोपला नव्हता.

तोलेफला गप्प बसवेना. “म्हणजे एन्द्रे, पाच वर्षं तू बहिणीकडे पाहुणा होतास. आता तिला भाडं दे.” कुणी हसलं नाही. मग त्यानेच टोपी डोक्यावर घातली आणि तो घरी गेला.

एन्द्रे दारातल्या ओंडक्यावर बसला. “माझा हिशेब बरोबर होता,” तो म्हणाला. “घेर बरोबर होता. मी तीनदा ताडून पाहिला होता.” योरून कढई घासत आत उभी होती. मग तो म्हणाला, “मी बैलांकडे बघत होतो. तिच्या ओरडण्यावर मोजत होतो. ती मधेच ओरडायची. चिंधी वर आली नसली तरी.”

योरूनचा हात थांबला.

“तिला ओरडायला आवडायचं,” ती म्हणाली.

लिव गेल्यापासून तिच्याबद्दल योरूनने काढलेले हे पहिलेच शब्द. त्यानंतर तिने कढई पुरी घासली.

मला माझे कागद मिळाले. टेकडी माझ्या नावावर झाली, कायमची. तिच्यावर नांगर येणार नाही, हे मी त्या रात्री गुडघ्यावर बसून म्हटलं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मी खरं बोलले म्हणून टेकडी राहिली, आणि मी खरं बोलले म्हणून भावाची पाच वर्षं गेली. दोन्ही एकाच तोंडाचं काम. यातलं देवाचं कोणतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

एन्द्रेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची मुभा मिळाली. त्याने नव्या खुंटीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, लहानसं घर बांधलं. त्याच्या दारातून टेकडी दिसत नव्हती, मधे आमचं घर येत होतं. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “सखल भागात पाणी साचतं, ताई. दुसरी जागा नाही.” ते खरंच होतं.

ज्या दिवशी ते हलले त्या दिवशी शेगडीचा प्रश्न निघाला. “राहू दे तुझ्याकडे,” एन्द्रे म्हणाला. “आता सगळा धूर तुझाच.” हे तो रागाने म्हणाला नाही. त्यांची खाट, कपड्यांची पेटी आणि पिठाचं पोतं एवढंच गाडीत चढलं. खाटेची जागा रिकामी झाली, तिथली माती फळीच्या अलीकडच्या मातीसारखीच होती.

“आता तू कुठेही झोपू शकतेस,” योरून मला म्हणाली.

“हो.”

“मला मात्र तिकडेच झोपावं लागेल.”

“पाच वर्षं.”

“हो,” ती म्हणाली.

एन्द्रेने बैल हाकले. ती गाडीत बसली नाही. मागच्या चाकाच्या बाजूने, मान खाली घालून, चालत निघाली. मी खुंटीपर्यंत सोबत गेले. चाकाला काही बांधलेलं नव्हतं. तरी ती चाकाकडेच बघत होती.

“काय बघतेस?” मी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि खुंटी ओलांडून गेली.

मी परत आले. संध्याकाळी दिवा लावला, गुडघे टेकले, दिवसभराचं बोलणं आठवलं. खोटं काही नव्हतं. मग फळीच्या पूर्वेला, माझ्या खाटेवर झोपले.