तीनशे शहाऐंशी प्रलंबित चित्रे

"तीनशे शहाऐंशी अर्ज पडून आहेत आपल्याकडे?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या हातात शहरातल्या सगळ्या प्रभाग कार्यालयांच्या प्रलंबित कागदांची यादी होती, आणि तीत आपला प्रभाग सगळ्यांच्या वर होता.

"अर्ज नाहीत साहेब," आवक-जावक कारकून म्हणाले. "चित्रं आहेत."

या कारकुनांना सगळं ऑफिस नाना म्हणे. एकतीस वर्षं एकच टेबल, दाराशेजारचं. बाहेरून आलेला कागद आधी नानांच्या हाताखालून जाणार, त्यावर गोल शिक्का बसणार, नंबर आणि तारीख पडणार, मगच तो जगात आला असं धरलं जाणार. त्यांची बायको सांगायची, की नात झाली तेव्हा यांनी बाळाच्या मनगटावरची नंबरपट्टी आधी वाचली आणि तोंड मग पाहिलं. नानांनी हे कधी नाकारलं नाही. नंबर बरोबर होता, एवढंच म्हणत.

चित्रांचं प्रकरण सात महिन्यांपूर्वीचं. प्रभागाच्या दवाखान्यात बरीच माणसं अशी यायची, की तपासलं तर काही निघत नसे, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बाकावर हजर. नगरपालिकेने विचार केला, की यांना गोळ्यांपेक्षा सोबत आणि हाताला काम लागतंय. परिपत्रक निघालं: दर गुरुवारी दोन तास मागच्या हॉलमध्ये कलावर्ग घ्यावा, कागद आणि रंग नगरपालिका देईल. जबाबदारी कोणावर टाकायची ते ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी नाना दाढ काढायला रजेवर होते. साहजिकच ती त्यांच्यावर पडली.

पहिल्या गुरुवारी चौघं आली. त्यांत एक निवृत्त नर्स होत्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, त्यामुळे अजूनही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून त्या दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घेत, आणि मोजणाऱ्या मुलीला पट्टा चुकीचा बांधलास म्हणून झापत. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: 'गुरुवारी दोन तास चित्र काढणे.' सिस्टरांनी ती चिठ्ठी नानांपुढे ठेवली, इंजेक्शन घ्यायला आल्यासारखं.

त्यांनी एक लोखंडी खाट काढली. वेळ संपल्यावर कागद नानांच्या हातात दिला. आणि नानांच्या हाताने एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. कोपऱ्यात शिक्का बसला, वर नंबर पडला, खाली तारीख.

नाना ओशाळले. दुसरा कागद देतो म्हणाले.

सिस्टरांनी शिक्का जवळ धरून पाहिला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पोचलं म्हणायचं कुठंतरी."

त्यानंतर शिक्क्याशिवाय कोणी हॉलबाहेर पडेना. एक म्हातारा प्लंबर आयुष्यभर जोडलेले नळाचे सांधे आठवून आठवून काढायचा. तो तर शिक्का फिकट उठला की वाद घाली आणि नवा मारून घेई. चौघांचे तेरा झाले, कधी सोळा.

आता नियम असा, की आवक नंबर पडलेल्या कागदाला लेखी उत्तर गेलंच पाहिजे. नाही गेलं तर तो प्रलंबित. हे नानांना ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तो नियम ते नव्या पोरांना तोंडपाठ करून घेत. पहिल्या चौघांचं बघू पुढं, असं त्यांनी ठरवलं. मग चाळीस झाले. मग त्यांनी त्या गठ्ठ्याकडे बघणंच सोडलं, जसं दाढेकडे सोडलं होतं.

साहेबांनी मुख्य कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं. महिनाअखेर प्रलंबित शून्यावर आणा, वर्ग बंद करा, हॉल जुने पाण्याचे मीटर ठेवायला रिकामा करून द्या. साहेब वयाने लहान, माणूस सरळ. त्यांनी उपायही सुचवला: सगळ्यांवर 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' लिहायचं आणि दप्तरी लावायचं. संध्याकाळपर्यंत होईल.

नानांनी गठ्ठा सोडला. सगळ्यांत वर खाट होती. पेनाचं टोपण काढून ते पाच मिनिटं बसले, टोपण लावलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एकतीस वर्षांत ते साहेबांपुढे न बोलावता पहिल्यांदाच उभे होते.

"साहेब, हे मला लिहिता येणार नाही."

"का?"

"खोटं होईल. कार्यवाही झाली आहे." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्याचं रजिस्टर ते जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेऊन आले होते. "या बाई पूर्वी महिन्यात चार वेळा जायच्या. गेल्या चार महिन्यांत एकदाही नाही. प्लंबर दोनदा. बाकीच्यांचंही लिहिलंय."

साहेबांनी कागद खालपर्यंत वाचला. "मग तसं कळवा."

"मुख्य कार्यालयाला?"

"त्यांना मी कळवतो. तुम्ही ज्यानं कागद दिला त्याला उत्तर द्या. नियम तोच ना? पण नाना, तीनशे शहाऐंशी सह्या मला करायच्या आहेत."

"रोज तीस केल्या तर तेरा दिवस," नाना म्हणाले. हिशेब ते येतानाच करून आले होते.

पत्रं नानांनी स्वतः लिहिली. प्रत्येक चित्र समोर धरून, त्यांना येत होत्या त्या एकाच भाषेत. सिस्टरांना गेलं ते असं: 'विषय: रिकामी खाट. महोदया, आपले चित्र या कार्यालयास प्राप्त झाले. चादर चारही कोपऱ्यांना व्यवस्थित खोचलेली असल्याचे दिसून येते. चित्र पाहून कार्यालयास बरे वाटले. याबाबत आपले म्हणणे असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.'

साहेबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. लोकांचं म्हणणं येणार असेल तर विषय संपत नाही, आणि विषय संपला नाही तर हॉल सोडता येत नाही. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना पंख्याकडे बघत होते. साहेबांनी सही केली आणि पुढचा कागद ओढला. मुख्य कार्यालयाला त्यांनी रजिस्टरच्या नकलेसह कळवलं, की पत्रव्यवहार चालू असल्याने हॉल तूर्त देता येत नाही. मीटर दुसरीकडे गेले.

पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये जो तो आपलं पत्र दुसऱ्याला वाचून दाखवत होता. प्लंबरने तर चौदा पत्रं क्रमाने लावून आणली होती. सिस्टर मात्र सरळ नानांच्या टेबलापाशी आल्या.

"विषय चुकलाय तुमचा."

"कुठं?"

"खाट रिकामी नाही. पेशंट बरा होऊन घरी गेलाय. सकाळीच चादर बदलली मी."

नानांनी पत्राची ऑफिसात ठेवलेली स्थळप्रत काढली. विषयातले दोन्ही शब्द एका रेघेत खोडले, वर लिहिलं 'पेशंट घरी गेला', आणि खाडाखोडीशेजारी छोटी सही केली. सिस्टर शाई वाळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि शेजारणीला थोडं सरकायला सांगितलं.