भरणाऱ्याचं नाव

दर महिन्याच्या सात तारखेला घाईराव बँकेत जायचा आणि दुसऱ्याच्या खात्यात पैसे भरायचा. घाईराव हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर त्याचा हात असा सपासप चालायचा, की लोकांनीच ते ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडायचं. बँकेत मात्र ही घाई कुठं जायची कोण जाणे! खाते क्रमांक भरायचा, रक्कम भरायची, आणि ‘पैसे भरणाऱ्याचे नाव’ या रकान्यापाशी पेन अडायचं. मग इकडेतिकडे बघून तो लिहायचा, ‘छापखाना’.

कॅशिअरबाई शिक्का मारता मारता म्हणायच्या, “तुमचे मालक फार मोठ्या मनाचे हो. नाहीतर आजकाल कोण कुणाला विचारतंय!”

घाईराव कसंनुसं हसून वेळ मारून न्यायचा. मोठ्या मनाचे! कपाचा कान तुटला तरी पगारातून कापून घेणारा माणूस तो. पैसे घाईरावचेच होते, बायकोच्या नकळत जादा पाळ्या करून जमवलेले.

खातं होतं बाइंडरदादांचं. घाईरावला छापखान्यात चिकटवणारे तेच, कागदाची रीम झटकून हवा कशी काढायची ते शिकवणारेही तेच. त्यांची उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्याला आता सात महिने झाले होते.

कागद कापायच्या त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येणार, म्हणजे हात पात्याखाली सापडायचा प्रश्नच नाही. पण घाईरावला एवढा धीर कुठला! त्यानं उजवं बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. एक हात मोकळा राहिला की दिवसाला चाळीस गठ्ठे जास्त निघत. त्या दिवशी मुलीच्या शाळेत त्याला लवकर पोहोचायचं होतं. दादा म्हणाले, “जा तू. उरलेले गठ्ठे मी कापतो.” आणि पट्टीचं सांगायचं घाईराव विसरला.

दादा उजव्या हाताने गठ्ठा सारखा करत होते. डाव्या हाताचा भार डाव्या बटणावर पडला.

घाईराव फाटकापर्यंतच पोहोचला होता. किंकाळी ऐकून तो मागे पळाला. सगळे दादांना उचलत होते तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं, तर पट्टी खरवडून काढली आणि खिशात घातली. आधी पट्टी, मग दादा!

पुढं दादा घसा फोडून सांगत राहिले, की एकाच बटणावर पातं आलं. मालकांनी मशीन तपासून घेतलं, ते ठणठणीत निघालं. मग सगळ्यांनी ठरवलं, की म्हाताऱ्यानं स्वतःच काहीतरी घोळ घातला असणार. घाईराव मूग गिळून बसला. दादांनी भरपाईसाठी कामगार कार्यालयात तक्रार केली, आणि इकडे घाईराव बँकेत जायला लागला. स्वतःचं नाव लिहिलं असतं तर दादांनी दमडी घेतली नसती. शिवाय विचारलं असतं, का देतोस?

या सात तारखेला मात्र दादांनीच त्याला घरी बोलावलं. वहिनींनी चहा ठेवला. टेबलावर पासबुक उघडं पडलं होतं, शेजारी एक कोरा कागद.

“बस. जरा लिहायचं काम आहे,” दादा म्हणाले. “माझ्या डाव्या हाताचं अक्षर मलाच लागत नाही. उद्या सुनावणी आहे ना? तक्रार मागे घेतोय, असा अर्ज लिही.”

“मागे? का, दादा?”

“अरे, मालक महिन्याच्या महिन्याला पैसे टाकतायत. हे बघ, छापखाना, छापखाना, छापखाना. तोंडानं कबूल करत नसतील, पण त्यांचं मन तर खातंय! अशा माणसाला कचेरीत खेचायचं मला जिवावर आलंय.”

वहिनी म्हणाल्या, “मी यांना म्हटलं, निदान जाऊन आभार तरी माना. तर गेले तसेच. मालक नुसते हसले म्हणे.”

हसणारच! घाईरावच्या मनात आलं. उद्या तक्रार गेली की हक्काची भरपाई बुडाली, आणि ती बुडवली कुणी? पापाचं ओझं हलकं करायला म्हणून भरलेल्या त्याच्याच पैशांनी. तो नुसतं हो म्हणाला असता तर जन्मभर सुटला असता. नोकरी राहिली असती, दादाही राहिले असते, आणि हा चहासुद्धा.

त्यानं पेन उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकं सावकाश लिहीत होता. चहावर साय धरली. शेवटी त्यानं कागद दादांपुढे सरकवला आणि खाली मान घातली.

दादा मोठ्यानं वाचायला लागले. “उजव्या बटणावर चिकटपट्टी मी लावली होती. मशीनवर...” पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मग पासबुक ओढून ‘छापखाना’ लिहिलेल्या त्या ओळींवरून उरलेलं बोट फिरवलं.

“हे पैसे तुझे?”

“हो.”

“मी तुझेच गठ्ठे कापत होतो रे.”

“हो दादा.”

“सात महिने लोक मला वेडा म्हणाले. हिलासुद्धा वाटायला लागलं होतं.” वहिनींनी पदर तोंडाशी धरला. घाईरावला वाटलं, आता थोबाडीत बसेल तर बरं होईल. बसली नाही.

दादांनी कागद परत त्याच्याकडे ढकलला.

“खाली सही कर,” ते म्हणाले. “आणि या वेळी तुझं नाव लिही.”